सिक्युअर बूट बंद न करता एनव्हिडिया: डेबियन १३ आणि विंडोज ११ च्या नोंदी

शनिवार रात्र

एका एसएसडीवर विंडोज ११, दुसरीवर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार), ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त ओळखीची सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, चालू ठेवून डेबियनमध्ये या कार्डाचा ड्रायव्हर चालवायचाय. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू आहे आणि धाकट्याचं व्हॅलोरंट (गेम) सिक्युअर बूटशिवाय उघडत नाही. त्यामुळे "बायोसमध्ये जाऊन बंद करून टाक" हा कुणीही देतो तो सल्ला इथे बाद. तसाही तो मला पटत नाही. कुलूप उघडेना म्हणून दारच काढून ठेवायचं, असला प्रकार.

डेबियनचा नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेल्या पॅकेजेसचा) विभाग जोडला, कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, हेडर्स आणि एनव्हिडियाचं पॅकेज टाकलं. डीकेएमएसने (आपल्याच मशीनवर मोड्यूल बांधणारं साधन) ५५० मालिकेचं मोड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग, निमूट बांधलं. रीबूटनंतर डेस्कटॉप उघडला, पण ढोबळ रिझोल्यूशनमध्ये, आणि एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणतंय ड्रायव्हरशी संपर्कच होत नाही. मॉडप्रोब (मोड्यूल चढवणारी कमांड) हाताने चालवल्यावर खरं कारण बाहेर आलं: "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस", म्हणजे सहीची की नाकारली.

म्हणजे ड्रायव्हर धडधाकट आहे, अडलंय ते सहीवर. फर्मवेअर (बायोस) मायक्रोसॉफ्टची सही बघून शिम या छोट्या बूट प्रोग्रामला आत घेतं, शिम डेबियनची सही बघून ग्रब (बूट मेन्यू) आणि कर्नलला. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल प्रत्येक मोड्यूलकडेही सही मागतो. नुवो हा एनव्हिडिया कार्डांसाठीचा खुला ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतो, त्याच्यावर डेबियनची सही असते, म्हणून त्याला कुणी अडवत नाही. एनव्हिडियाचं मोड्यूल आपल्या मशीनवर बांधलं जातं. डीकेएमएस त्यावर सही करतं खरं, पण त्या सहीची ओळख कर्नलला कुणी करून दिलेली नसते. "ओपन मोड्यूल घ्या, सुटेल" असंही सांगतात. नाही सुटत. एनव्हिडियाने २०२२ मध्ये तो कोड खुला केला, पण कर्नलबाहेर बांधलेल्या मोड्यूलला सही लागतेच.

रविवार

आधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतली. हे टाळू नका.

मग मोकयुटिल या कमांडच्या इम्पोर्टला डीकेएमएसची सार्वजनिक की दिली. मोक म्हणजे मशीनच्या मालकाने स्वतः मान्य केलेली की. ती व्हार-लिब-डीकेएमएस फोल्डरमध्ये मोक-पब नावाने असते. एकदाच लागणारा पासवर्ड विचारतो. तो साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेवा, कारण पुढच्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो आणि टाइप केलेलं दिसत नाही.

रीबूट केलं की तो निळा पडदा येतो आणि १० सेकंदांत कुठलंही बटण दाबावं लागतं. चहा आणायला गेलात की संधी गेली, इम्पोर्ट पुन्हा करायचं. आत "एनरोल मोक", "कंटिन्यू", "येस", पासवर्ड, रीबूट. बस्स. मॉडइन्फोमध्ये (मोड्यूलची माहिती देणारी कमांड) सही करणारा म्हणून "डीकेएमएस मोड्यूल सायनिंग की" दिसतंय आणि एनव्हिडिया-एसएमआयचा तक्ता झोकात आला.

उबंटूवाल्यांना बहुतेक वेळा हे करावंच लागत नाही. नेहमीच्या कर्नलसाठी कॅनॉनिकल (उबंटूची कंपनी) आधीच सही केलेली मोड्यूल्स देतं.

एक मान्य करायला हवं: सही करणारी खासगी की त्याच डिस्कवर पडून आहे, फक्त रूटला (लिनक्सचं सर्वाधिकारी खातं) वाचता येते. ज्याच्या हाती रूट गेलं तो हवं त्या मोड्यूलवर सही करू शकतो. घरच्या मशीनला मला हे चालतं, ऑफिसच्या लॅपटॉपला चाललं नसतं.

नंतरची भर

कर्नल अपडेट आला. डीकेएमएसने मोड्यूल नव्याने बांधलं, त्याच कीने सही केली, निळा पडदा आला नाही. मात्र लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे पॅकेज टाकलेलंच असू द्या, नाहीतर नव्या कर्नलचे हेडर्स येत नाहीत आणि बांधणी अडते.

विंडोजमध्ये जाताना ग्रबमधून जात नाही, फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून जातो. शिममार्गे गेलं की टीपीएम या सुरक्षा चिपमधल्या नोंदी बदलतात आणि बिटलॉकर ती ४८ अंकी की मागू शकतो.

आता सर्टिफिकेटकडे. शिमवर सही करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११ च्या सर्टिफिकेटची मुदत जून २०२६ पर्यंतचीच, पुढे २०२३ चं. मुदत सरली म्हणून आधी सही झालेलं शिम बंद पडत नाही, पण पुढे येणाऱ्या शिमसाठी फर्मवेअरला नवं सर्टिफिकेट माहीत हवं. मोकयुटिलला डीबी (फर्मवेअरची मान्य सर्टिफिकेटांची यादी) विचारली, तर माझ्या बोर्डात २०११ चंच दिसतंय. म्हणजे बायोस अपडेट करणं आलं. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर सस्पेंड करणार, आणि मोक-पब हाताशी ठेवणार, कारण बायोस अपडेटमध्ये मोकची यादी कधी कधी पुसली जाते.