आमची वाटचाल: ईटीपीपासून डॅफ्नियापर्यंत

सुरुवात आम्ही ईटीपी, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, चालवायच्या कामापासून केली. दुसऱ्यांच्या कारखान्यात जाऊन केमिकलचं डोसिंग बघायचं, पीएच सांभाळायचा, स्लज म्हणजे गाळ काढायचा. सगळा धंदा सीओडी-बीओडीवर (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याचे आकडे), आकडा लिमिटमध्ये आला की क्लायंट खूश आणि आम्ही पण.

मग एक केस अशी आली की सगळे रिपोर्ट पास, पण मधूनच एरेशन टँकमधले, म्हणजे हवा सोडतात त्या टाकीतले, घाण खाणारे बॅक्टेरिया मरायचे, फेस यायचा, अमोनिया वाढायचा, आणि कारण कुणालाच सापडेना. सीओडी सांगतो पाण्यातलं किती काही ऑक्सिडाइज होतंय, ते विषारी आहे का हे तो कुठे सांगतो? साखरेच्या पाण्याचा सीओडी भरमसाट येतो आणि जरासं तांबं असलेल्या पाण्याचा येतच नाही, मरतात मात्र दुसऱ्यातले जीव.

म्हणून पाणी विषारी आहे का ते तपासायला डॅफ्निया, म्हणजे गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव, पाळायला घेतले. 24 तासांच्या आतली पिल्लं, बीकरमध्ये पाच-पाच, सॅम्पलची वेगवेगळी डायल्युशन्स आणि 48 तास वाट बघायची, नंतर बीकर हलकेच हलवून 15 सेकंद बघायचं, जे पोहत नाही ते मोजायचं. ज्या कॉन्सन्ट्रेशनला निम्मे थांबतात तो ईसी50. हा आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त विषारी, इथे क्लायंट हमखास उलटं वाचतात 😄 साध्या पाण्यातले कंट्रोलचेच 10 टक्क्यांपेक्षा जास्त गेले तर अख्खी टेस्ट बाद. आणि सुट्टी आपल्याला असते, डॅफ्नियाला नसते, शेवाळ खायला घालायला कुणीतरी यावंच लागतं. घाईच्या कामाला प्रकाश देणारे बॅक्टेरिया आहेत, 15-30 मिनिटांत त्यांचा उजेड किती मंदावला ते कळतं, पण डाईचं रंगीत पाणी असेल तर रीडिंग जपून घ्यावं लागतं.

त्या केसमध्ये सॅम्पलचे भाग केले, एकात ईडीटीए म्हणजे धातू बांधले जातात, एकात थायोसल्फेट म्हणजे क्लोरीन जातो, एक अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमधून काढला म्हणजे ऑरगॅनिक पदार्थ शोषले जातात. पहिल्या दोन्हीत काही फरक नाही, कार्बनमधून काढलेल्यात डॅफ्निया मस्त पोहतायत! म्हणजे काहीतरी ऑरगॅनिक. शेवटी निघालं कूलिंग टॉवरचं बायोसाइड (शेवाळ-जंतू मारायचं केमिकल), डोस दिला की ब्लोडाउन, म्हणजे टॉवरमधून बाहेर सोडलेलं पाणी, थेट ईटीपीत. ती लाइन वेगळी केली, कार्बनमधून काढून थोडं थोडं सोडलं आणि प्लांट सावरला. नवीन केमिकल एकही लागलं नाही, सप्लायरची तोंडं बघण्यासारखी होती.

आता नवीन काम आलं की सॅम्पलच्या आधी आम्ही स्टोअरचं रजिस्टर मागतो, फरशी धुवायच्या लिक्विडपासून बॉयलरच्या केमिकलपर्यंत सगळं. काही मॅनेजरना राग येतो, येऊ दे.