तिला तेल, मला वाळू?

दोघी जावा एकाच रिक्षातून आल्या. बसायच्या आधीच थोरलीने सांगून टाकलं, "डॉक्टर, केरळात करतात तसं मालिश करा. दोघींनाही."

आदल्या वर्षी दोघींनी तिकडे पिझिचिल घेतलं होतं. लाकडी द्रोणीत झोपवतात, दोन्ही बाजूंना माणसं उभी राहतात, कोमट तेलात भिजवलेलं फडकं एका हाताने पिळत धार सोडायची आणि दुसऱ्या हाताने चोळत जायचं. आपल्या रोजच्या अभ्यंगाला वाटीभर तेल पुरतं, तिथे लिटरने लागतं. सुख मात्र मोठं, त्यात वादच नाही.

थोरलीचे गुडघे उठता-बसता कटकट वाजत होते. कातडी कोरडी, चाललं की दुखणं वाढायचं. सरळ वाताचं काम. केरळातून आल्यावर ती जिने चढायला लागली होती.

धाकटी त्याच तेलाने आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. घरच्यांनी "हिला काही सोसतच नाही" म्हणून विषय मिटवला. मी मनगटं पाहिली, दोन्ही सुजलेली आणि गरम. बांगड्या चढत नव्हत्या. सकाळी तास-दीड तास मूठ वळायची नाही. जिभेवर पांढरा थर, जेवणावर वासना नाही. हा आमवात. आम म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचा चिकट अंश. तो असताना वरून तेल चोळलं की दुखणं भडकतं. चक्रदत्त या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात यासाठी रूक्ष स्वेद, म्हणजे कोरडा शेक सांगितलाय, वाळूच्या पुरचुंडीचा. केरळचे वैद्यही अशा रोग्याला तेलाऐवजी चूर्णाची पोटली किंवा धान्याम्लाची, म्हणजे धान्य आंबवून केलेल्या पाण्याची धारा देतात. पण पॅकेज विकणारा जीभ कशाला बघेल?

मावशींनी लोखंडी कढईत वाळू भाजली, फडक्यात बांधली. पडद्यापलीकडे थोरलीला महानारायण तेल लागत होतं, त्याचा वास इकडे येत होता.

"तिला तेल, मला वाळू?" धाकटीचा चेहरा पडला. "मी काय पापड आहे भाजायला?"

शेक संपल्यावर तिने मूठ वळून पाहिली. पूर्ण नाही, पण निम्म्याहून जास्त वळली. मी सुंठीचं पाणी, हलका आहार सांगितला आणि रक्ततपासणीची चिठ्ठी दिली. सांधे सुजवणाऱ्या ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी बघतात तो आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला, तेव्हा तिला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांची औषधं सुरू झाली, शेक त्यांना विचारून चालू ठेवला.

पैसे देताना थोरलीने मात्र हिशोब मागितलाच, "वाळूचे तेलाएवढेच कसे हो?"