नातेपुत्याच्या अलीकडची दुपार

वारीतले दिवस सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. दिवे घाट आठवतो, नीरेचं स्नान आठवतं, चांदोबाच्या लिंबापाशी वारकऱ्यांच्या रांगांमधनं घोडा धावतो ते उभं रिंगण गर्दीत पाठीमागून कसंबसं पाहिलं, घोड्याचे नुसते कान दिसले. मधले मुक्काम विचाराल तर मला बोटं मोजावी लागतील.

पण बरड ते नातेपुते मधली ती एक दुपार सगळीच्या सगळी आठवते.

मी फार देवदेव करणारी नाही, माळ घातलेली नाही, घरचा दिवासुद्धा आई लावते. देवळाच्या रांगेत माझं मन कधीच लागत नाही. वारीला निघाले ती बाबा गेल्यानंतर वर्षभर घरात बसून जीव कोंदटला होता म्हणून.

त्या दिवशी पहाटेपासूनच चिडचिड होत होती. अंधारात तंबू काढायची गडबड, टँकरपाशी बादल्यांची ढकलाढकली, मागनं सामानाचे ट्रक सारखे हॉर्न वाजवतायत, आणि डाव्या टाचेचा फोड रात्रीतून रुपयाएवढा झालेला. धर्मपुरीच्या पुढं पाय टेकवेना. दिंडी पुढं गेली, टाळ ऐकू येईनासे झाले, मी एका बाभळीखाली बसले आणि खरं सांगते, रडले.

एक मावशी थांबल्या. डोक्यावरची तुळस खाली ठेवली आणि काही न विचारता माझा पाय मांडीवर घेतला. ओठात हरिपाठ चालूच. पिशवीतनं सुई काढली, काडी पेटवून तिचं टोक तापवलं, दोरा तेलात बुडवून फोडातनं आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवून तोडला. "कातडं काढायचं न्हाई. दोरा ऱ्हाऊ दे, पानी झिरपून जाईल."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. खांद्यावर मान वाकडी करून फोन धरला, हात माझ्या टाचेवरच. "पाऊस झाला का? मग थांबा की, वल न्हाई तर पेरून काय करताय. म्हशीला पेंड घातली का? बरं ठिवते, हितं एका लेकीचा पाय बघतीया." आणि हरिपाठ जिथं सुटला होता तिथनंच पुढं सुरू. आवाज तोच, सूर तोच. पेंड, पेरणी, माझी टाच आणि हरीचं नाव, त्यांच्या लेखी ही चार वेगळी कामं नव्हतीच. ते बघताना मला आत जे झालं ते कुठल्या गाभाऱ्यात झालेलं नाही. सावता माळी मळा सोडून पंढरीला गेला नाही म्हणतात, अजूनही पांडुरंगाची पालखीच अरणला त्याच्या भेटीला जाते. लहानपणापासून माहीत होतं हे, पटलं त्या बाभळीखाली.

उठताना त्यांनी माझ्या त्याच चिखलाच्या पायाला हात लावला आणि कपाळाला नेला. मी पाय ओढायला गेले तर म्हणाल्या, "गप. माउलीच हायेस की." मीही वाकले. तुळस उचलून डोक्यावर दिली, त्या भरभर चालत गेल्या आणि दिंडीचा नंबर विचारायचा राहिला.

वाखरीला सगळ्या पालख्या जमल्यावर मी दोन तास त्यांनाच शोधत फिरले. अशा समुद्रात कुठं सापडणार! टाचेतला दोरा कधी गळून पडला तेही कळलं नाही. पंढरपुरात नामदेव पायरीवर डोकं टेकवलं, कळसाला हात जोडले, पददर्शनाच्या बारीत उभी राहिले नाही.

घरी आईचे गुडघे दुखतात, रात्री पाय चेपावे लागतात. आधी मी ते एक काम म्हणून उरकायचे, बऱ्याचदा टीव्हीकडं बघत. परवा आईनं विचारलं, काय पुटपुटतेस गं? हरिपाठ, मी म्हणलं, पण अर्धाच येतो.

पुढचा चरण आईनं सांगितला.