माझा अनुभव: वावरातल्या विहिरीतून अंदमानच्या समुद्रात

स्कुबाच्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात खाली उतरायच्या, वैद्यकीय अर्जातल्या एका प्रश्नाशी येऊन मी थांबलो. कानाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, पडद्याला इजा, यातलं काही कधी झालंय का? होय किंवा नाही.

मी हिंगणघाट तालुक्यातला, कापूस-तुरीचा शेतकरी. बारा वर्षांचा असताना वावरातल्या विहिरीत पडलेली बादली काढायला मी तळापर्यंत गेलो होतो. श्रावण होता, विहीर तुडुंब भरलेली. अर्ध्यातच कानात कळ आली, पण काठावर चुलतभाऊ उभे होते, म्हणून तसाच खाली गेलो. बादलीच्या कडीला बोट लागलं आणि डाव्या कानात फट्‌कन काहीतरी झालं. गार पाणी डोक्यात शिरल्यासारखं वाटलं, विहीर गरगर फिरली. वर कसा आलो ते आठवत नाही. आजीनं लसणाचं तेल कोमट करून कानात घातलं. महिनाभर कान वाहत होता.

‘नाही’ लिहिलं असतं तर कुणाला कळलं नसतं. पण अंदमानला जायचं ठरल्यापासून मी जे वाचत होतो, त्यात एक गोष्ट पक्की समजली होती. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. कान दुखतो तो खोल गेल्यावर नाही, तर सुरुवातीच्या दोन-चार मीटरमध्येच. तेव्हा माझ्या कानाचं नेमकं काय झालं होतं, ते इतक्या वर्षांनी कळलं. मी ‘होय’ लिहिलं. अशा ‘होय’ला डॉक्टरची सही लागते.

मायला सांगितलं तर ती म्हणाली, “काऊन गा, विहिरीनं एक कान खाल्ला, आता समुद्राले दुसरा देतं काय?” तिची भीती खोटी नव्हती. म्हणूनच मी तपासणी टाळली नाही.

तालुक्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, डायव्हिंगचं मला ठाऊक नाही, तुम्ही वर्ध्याला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. असं स्पष्ट सांगणाऱ्या माणसाचे उपकारच मानायला हवेत. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं कान पाहिला, ऐकू येण्याची आणि पडद्याच्या दाबाची तपासणी केली. मग म्हणाले, नाक दाबा, तोंड मिटा आणि हलकेच फुंका. ते कानात बघत होते. “पडदा हलतोय. भोक कधीच बुजलंय.” फाटलेल्या कानात तेल कधीही घालू नये, हेही त्यांनी बजावलं. सही करताना एक अट घातली: सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, औषध घेऊन तर नाहीच. औषधाचा असर खाली असतानाच उतरला तर वर येताना कान अडकतो.

ही अट आमच्यासारख्यांना सोपी नाही. जानेवारीत तूर निघते, हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लागला की कुटाराची (भुशाची) धूळ आठ-आठ दिवस नाकातून जात नाही. यंदा हडंब्याजवळ मी उभाच राहिलो नाही, साळ्यानं तेवढं सांभाळलं. त्याच्या जिवावर माझं नाक मोकळं राहिलं.

बेट निवडायला फार वेळ लागला नाही. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो. अंदमानात हॅवलॉकला, म्हणजे 2018 पासून ज्याला स्वराज द्वीप म्हणतात तिथे, भारतीयांना तसं काही लागत नाही. मेच्या मध्यानंतर तिथे पाऊस येतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र शांत असतो. आमचीही तूर तेव्हा घरात आलेली असते आणि लग्नसराई सुरू व्हायची असते. वावराचं आणि समुद्राचं वेळापत्रक असं जुळून आलं.

खरी चूक झाली ती तिकिटांत. शहरातल्या एका एजंटानं तीन रात्रींचं पॅकेज दिलं. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारी बोट, संध्याकाळी चेन्नईचं विमान. कागद घरी आणून वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खाली दाबात श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडायला हवा. गोटी सोड्याची गोटी दाबली की जसा फेस उसळतो, तसं लगेच विमानातल्या कमी दाबात गेलं तर अंगातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. एकच डाइव्ह असेल तर विमानाआधी किमान 12 तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान 18 तास थांबायचं असतं. एजंट म्हणाला, “सगळेच जातात.” मी पैसे कापून घेऊन तिकिटं बदलली आणि शेवटून मोजत नवीन आखणी केली: शनिवारी विमान, शुक्रवारी पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम) मुक्काम, कारण हवा बिघडली तर बोट रद्द होते, आणि शेवटची डाइव्ह गुरुवारी सकाळी. हाच हिशेब आधी करावा आणि मग तिकीट काढावं, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. जाताना मात्र सेवाग्रामहून रेल्वेनं चेन्नई गाठली, तिथून पुढे विमान. त्या तिकिटांत काहीच अडचण आली नाही.

बायकोला पोहता येत नाही. ती म्हणाली, “तुम्ही खाली जाल न् मी काठावर बसू?” तिच्यासाठी वेगळी सोय असते. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक सोबत धरून नेतो, 12 मीटरच्या आतच. मला मात्र चार दिवसांचा पूर्ण कोर्स करायचा होता, 18 मीटरपर्यंतचा. त्यात न थांबता 200 मीटर पोहावं लागतं आणि दहा मिनिटं नुसतं तरंगायचं असतं. आमच्या विहिरीचा व्यास वीस फूट. कडेनं एक फेरी साधारण सोळा मीटर भरते, म्हणून तेरा फेऱ्या धरल्या. डिसेंबरपासून रोज सकाळी मोटार बंद करून उतरायचो. तीच विहीर, तोच तळ. तिथं बुडी मात्र मी मारली नाही.

हॅवलॉकला फेब्रुवारीतही पहाट लवकर होते. सहाला आम्ही किनाऱ्यावर तयार होतो. प्रशिक्षकानं पुन्हा सांगितलं: श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर अजिबात नाही. अंगठा वर म्हणजे छान नाही, ‘वर चला’. छान असेल तर बोट आणि अंगठा जोडून गोल करायचा. आमच्याकडे उलटं असल्यानं मी रात्री खोलीत बायकोसमोर ती खूण घोटून घेतली होती.

पहिला मीटर. नाक दाबून हलकेच फुंकलं, दुखायच्या आधीच. उजवा कान टक्‌ करून मोकळा झाला. डावा झाला नाही. मी हाताचा पंजा हलवला आणि कानाकडे बोट केलं. प्रशिक्षकानं घाई केली नाही, मला हातभर वर आणलं. मान उजवीकडे कलवून पुन्हा फुंकलं. आत बारीकसं कुरकुरलं, जुन्या दाराची कडी निघावी तसं, आणि डाव्या कानात पाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. खाली वाळूवर प्रवाळाच्या एका ढेकळाभोवती नारिंगी-पांढरे मासे फिरत होते. मी बोट आणि अंगठा जोडून गोल केला.