रेघा दिसतात का?

नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारहून आत वळलं की थोड्या वेळाने डांबर संपतं. जानेवारीतली सकाळ होती. आरोग्य शिबिराची गाडी गावाबाहेर थांबवून पास्टरसाहेबांनी प्रार्थना केली. आम्ही ती नेहमी तिथेच करतो. औषधाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसावर आपल्या श्रद्धेचं दडपण येऊ नये, हे माझं ठाम मत आहे आणि पास्टरसाहेबांचंही. प्रभूने बरं करताना कुणाला आधी अट घातली नव्हती.

मी नागपूरच्या एका मिशन दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. शाळेच्या व्हरांड्यात दोन बाकं जोडून माझं टेबल लागलं. दुपारपर्यंत खोकला, गुडघे, खरूज, बीपी असंच चाललं होतं.

मग एक बाई मुलीला कडेवर घेऊन आली. मुलगी बारा वर्षांची, पण अंगाने आठ-नऊची. डोळे पिवळट. थंडी पडल्यापासून नडग्या ठणकत होत्या, दोन रात्री झोप नव्हती. मागोमाग आजी आली, तिचं बोलणं गोंडीत. आमच्यात एकालाही गोंडी येत नव्हती. १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांमध्ये फिरून त्यांची भाषा टिपून ठेवली होती. त्यांचं नाव आम्ही अभिमानाने सांगतो, आणि आज ‘कुठे दुखतं’ एवढं विचारायलाही आशाताई लागली, याची मला मनापासून लाज वाटली. आशाताईने आजीचं म्हणणं सांगितलं, “ते म्हणते, हिच्या मायचंच रक्त खराब हाये.” माय खाली बघत होती.

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक चिठ्ठी काढली. गेल्या वर्षीच्या शिबिराची. ‘रक्त कमी. लोहाच्या गोळ्या, ३ महिने.’ चिठ्ठी आमचीच होती. पापणी खाली ओढून बघितली आणि गोळ्या दिल्या, तपासणी केलीच नाही. विदर्भात, त्यातही गोंड वस्तीत, इतक्या फिकट पोरीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, हे न तपासणं ही चूकच होती. त्या वर्षी माझी पेटी गाडीत जागा नाही म्हणून नागपुरातच राहिली होती आणि मी त्यावर भांडले नव्हते.

हिमोग्लोबिन सहाच्या आत आलं. सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीत द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कार्डापुढे धरायची. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. तिची नळी धड गढूळ नाही, धड स्वच्छ नाही. इतकं कमी रक्त असलं की चाचणी फसवते. रक्त दुप्पट घेऊन पुन्हा लावली. रेघा गेल्या.

ही चाचणी वाहक (स्वतः आजारी नसलेला, पण आजाराचा एक हिस्सा बाळगणारा) की रुग्ण ते सांगत नाही, पण पोरीकडे बघून शंका उरली नव्हती. मायचीही नळी गढूळ झाली. आजीने हात उडवला, म्हणजे बघा, मी सांगत होतेच.

मी बापाला बोलावलं. तो कडुनिंबाखाली उभा होता. “मी काऊन देऊ रक्त? मले काय झालं?”

“काहीच नाही झालं, दादा. तुमच्या बायकोलाही काही झालेलं नाही. पण हा आजार एकाकडून येत नाही.”

तो हलेना. पास्टरसाहेबांनी काही न बोलता आपलं बोट माझ्यापुढे केलं. मी टोचलं. मग तो आला.

पाच मिनिटं तो नळीकडेच बघत होता. मी कार्ड त्याच्याच हातात दिलं. त्याने नळीमागे धरलं, जवळ नेलं, उजेडाकडे वळला. रेघा नव्हत्या. आशाताईने आजीला गोंडीत समजावलं, दोघांकडून एकेक हिस्सा आला म्हणून पोरीला आजार झाला, आणि प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. आजी लेकाकडे बघत राहिली.

(पुढच्या आठवड्यात नागपुरात इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे वाहक की रुग्ण ते सांगणारी तपासणी, केली. मुलगी रुग्ण, दोघं वाहक. आता तिला हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक अॅसिड सुरू आहे, आणि दर महिन्याला रक्ततपासणी.)

डॉक्टर तोवर पोरीला ओआरएस पाजत होते. कमी पाणी, थंडी, ताप यांनी कळा वाढतात. तिच्या पायांवर शाळेतली सतरंजी घातली. आम्ही सामान आवरायला घेतलं तेव्हा बाप घरून धावत आला, खांद्यावर दोन वर्षांचा मुलगा.

“याचंबी पाहा.”

सलाइनच्या खोक्यावर बसून पोरगं रडलं, थेंब दिला, गप्प झालं. या वेळी कार्ड मायने मागून घेतलं. पाच मिनिटं झाली. तिने नळी धरली, डोळे बारीक केले आणि बराच वेळ काही बोलली नाही.

“बाई,” ती म्हणाली, “रेघा दिसून राह्यल्या ना?”

मी वाकून पाहिलं. दिसत होत्या.