आमची वाटचाल : बरक्या फणसाचं सॉर्बे

कुडाळ-वेंगुर्ल्याकडे मे महिन्यात बरका, म्हणजे मऊ गऱ्यांचा, फणस फुकट देऊ केला तरी समोरचा आधी घरात विचारून येतो. कडक गऱ्यांच्या काप्याला गिऱ्हाईक मिळतं. बरक्याची सांदणं नाहीतर साठं करायची, उरला तो गुरांपुढे. आमचा व्यवसाय सुरू झाला तो या बरक्यावर. हापूस नंतर घेतला. त्याचं आमच्यावाचून काही अडलं नव्हतं.

सॉर्बे म्हणजे फळाचा गर, साखर, पाणी, थोडं लिंबू. दूध नाही, साय नाही. वाचायला इतकं सोपं, आणि घरी केलं की बहुतेकांचा दगड होतो. कारण साखर इथे नुसती गोडीसाठी नसते, ती पाण्याला पुरतं गोठू देत नाही. कमी पडली तर चमचा वाकतो, जास्त झाली तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवूनही मिश्रण पातळच. फळाची स्वतःची साखर धरून २५ ते ३० ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण तेवढे ग्रॅम साखर, असं बसलं की जमतं.

आता हापूसचा गर मुळातच गोड आणि रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, रस आंबटढाण. दोघांना एकच माप कसं चालेल? म्हणून आमच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ब्रिक्स मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर असतो. काचेवर मिश्रणाचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघायचं; निळं संपून पांढरं सुरू होतं तिथला आकडा वाचायचा. सासूबाई आधी हसायच्या. हल्ली पन्ह्याचाही थेंब टाकून बघतात.

बरक्याचे गरे आठळ्या काढून चाळणीवर हाताने घासायचे. रेषा वर राहतात, खाली दाट पिवळा गर पडतो. घुसळत गोठवणारं मशिन (बॅच फ्रीझर) येईपर्यंत आम्ही स्टीलच्या पसरट ताटात मिश्रण गोठवायचो, कडा धरल्या की काट्याने खरवडून मिक्सरमधून काढायचो आणि परत ताटात. घरी करणाऱ्याने आजही असंच करावं, दोन-तीन वेळा. फणसाचा वास मात्र लपत नाही. झाकण जरा सैल राहिलं की शेजारचं कोकमही फणसाचं लागतं, म्हणून फणसाला आमच्याकडे स्वतंत्र फ्रीजर आहे.

कोकमाने जास्त दमवलं. रस पातळ, त्यात गर नाही, त्यामुळे बर्फाचे कण पटकन धरतात. साखरेचा काही भाग लिक्विड ग्लुकोजचा घेतल्यावर ते सुधारलं. आगळ, म्हणजे कोकमाचा साठवणीचा खारवलेला रस, चालत नाही. त्यात मीठ भरपूर, आणि मीठही गोठणं लांबवतं. ताजाच रस लागतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं आणि वीज गेली ती कित्येक दिवस. वितळलेलं सॉर्बे परत गोठवलं तर कण मोठे होऊन वाळूसारखं लागतं, त्यामुळे सगळा माल वाडीतल्या पोरांना वाटून टाकला. पोरांची चैन झाली! त्यानंतर आधी जनरेटर घेतला, बॅच फ्रीझर मागाहून. त्यासाठी केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेचं ३५ टक्के अनुदान मिळालं. हे अनुदान बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. आधी बँकेत जाऊन बसा, मग मशिनचे दर मागवा.

पुण्या-मुंबईहून रोज विचारणा होते. आम्ही पाठवत नाही. सॉर्बे उणे १८ अंशांत ठेवायचं, आणि थर्माकोलच्या पेटीतला साधा बर्फ असतो शून्य अंशाचा. खारेपाटणच्या पुढे त्याचं सरबतच व्हायचं. म्हणून मालवण, तारकर्ली, सावंतवाडी, फार तर पणजी. तारकर्लीच्या होमस्टेवाल्यांची मागणी दिवाळीपासून वाढते आणि तेव्हा झाडावर फणस नसतो, म्हणून मे-जूनमध्येच गर काढून गोठवून ठेवतो. यंदा वाडीतल्या तीन घरांनी बरका राखून ठेवायचं कबूल केलंय. आता पैसे मागतात, आणि मागावेतच.