अनकेम्प्ट

आज भर उन्हात भुसावळहून जळगावला मोटारसायकलवर आलो. दारातच भाची म्हणाली, "मामा, किती अनकेम्प्ट दिसतोय तू!" शब्द ताजा शिकलेला, म्हणून पाठोपाठ तिच्या कपाटातल्या पसाऱ्यालाही तोच लावला. तिथे मेसी किंवा अनटायडी बरं. अनकेम्प्ट शोभतो केसांना, दाढीला, एकूण अवताराला. फार तर न राखलेल्या बागेला. मुळात अर्थच 'न विंचरलेलं'. इंग्रजीतल्या कोम (comb), म्हणजे कंगव्याच्या शब्दाचाच तो भाऊबंद. नुसतं केम्प्ट मात्र क्वचितच ऐकू येतं, तेही बहुधा गमतीत.

मला आपला 'पिंजारलेला' जास्त आवडतो. तो आला कापूस पिंजण्यातून, म्हणजे आम्हा कपाशीवाल्यांचा घरचाच. गंमत अशी की गादीसाठी कापूस पिंजला तर काम चोख, आणि डोकं पिंजारलं तर आजी फणी घेऊन मागे.

अनटायडीची कथा आणखी निराळी. टायडी निघाला टाइडमधून, आणि टाइडचा जुना अर्थ वेळ. म्हणजे टायडी आधी 'वेळेवरचं', नीटनेटकं नंतर. त्या हिशेबाने मुहूर्त टळून गेला तरी वरात नाचतच असते, अशी आमच्याकडची बहुतेक लग्नं अनटायडीच!